धोंड्याचं जेवण आणि लाल तारकागुच्छ

मालनताईच्या नवऱ्याचा मला अजून राग येतो. माणूस म्हातारा झाला, गुडघे गेले, बारामतीत घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघत बसतो असं कळतं. ओळखीचे लोक म्हणतात, शैलाताई, आता सोडा की. का सोडू? राग म्हणजे काही शेजारणीकडून आणलेलं विरजण नाही, की काम झालं की वाटी परत करायची. हे प्रकरण त्या रागाचंच आहे. शेवटी सगळ्यांचं गोड झालेलं ज्यांना आवडतं त्यांनी ही पानं उलटून पुढं जावं, माझी हरकत नाही.

कळसला आमचं खटलं मोठं होतं. थोरले चुलते आबा हे कारभारी, त्यांच्या पाठचे दोन भाऊ, आणि शेंडेफळ म्हणजे माझे वडील अण्णा. सगळ्यांच्या बायकापोरांसकट चूल एकच. झुंजूमुंजू व्हायच्या आत भाकऱ्या थापल्याचा आवाज सुरू व्हायचा, त्यात मागच्या अंगणातून कडबाकुट्टीची घरघर मिसळायची आणि त्यावर आबांचा खाकरा. तो खाकरा आला की पोरं गप्प व्हायची आणि बायकांचे पदर डोक्यावर जायचे. आबांचं जेवण पहिलं, मग बाप्यांची पंगत, मग पोरं, आणि बायका सगळ्यांत शेवटी, तव्यावरच्या उरल्यासुरल्यावर. आईच्या वाट्याला बहुतेक वेळा करपलेली भाकरी यायची आणि ती म्हणायची, मला आपली खरपूसच आवडती. खोटं. तिला पांढरीशुभ्र पापुद्र्याची भाकरी आवडायची, हे मला ती पुण्याला माझ्याकडं राहायला आल्यावर कळलं. हुलग्याचं माडगं, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं कोरड्यास हे सगळं मी आजही करते, चवही तीच येते. पण त्या घरातला एकही घास मी निर्धास्त खाल्ल्याचं मला आठवत नाही. आबांचा डोळा ताटावर असायचा.

लोक एकत्र कुटुंबाचे गोडवे गातात तेव्हा मला हसू येतं. मी जन्मभर तारकागुच्छांचा अभ्यास केला, म्हणजे ताऱ्यांच्या खटल्यांचाच. दीर्घिकेच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या चक्राच्या, बाहूत थंड वायूचा ढग दाबला जातो, त्याच्या पोटी हजारो तारे एकदम जन्मतात, एका आईची लेकरं म्हणा. त्यातले जे अंगानं मोठे, ते सगळ्यांत आधी जळून संपतात, पण संपण्याआधी आपल्या झळेनं सगळा वायू उधळून लावतात. वायू गेला की वजन गेलं, आणि वजन गेलं की धाकटे तारे मिळेल त्या वाटेनं चालू लागतात. बहुतेक गुच्छ असे लहानपणीच विस्कटतात. जे टिकतात ते एकमेकांना धरून ठेवणाऱ्या ओढीवर, म्हणजे शेवटी वजनावरच टिकतात. त्यात प्रेमाबिमाचा काही संबंध नाही. आमच्या घरात ते वजन आबांचं होतं.

मालनताई ही आबांची एकुलती एक लेक. माझ्यापेक्षा मोठी. लहानपणी आम्ही दोघी एका वाकळेखाली झोपायचो, माझ्या वेण्या ती घालायची, ओढून ओढून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. तिचं लग्न बारामतीच्या एका कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाशी झालं आणि आमच्या घरात एका शिकलेल्या माणसाची भर पडली. जावई हा दहावा ग्रह, असं आपल्याकडं म्हणतात. आमच्या दाजींनी उरलेल्या नवांना कधीच झाकून टाकलं होतं. ते कळसला आले की कोंबडं कापायचं, आबा स्वतः उठून पाण्याचा तांब्या द्यायचे, आणि दाजी जे बोलतील ते दुसऱ्या दिवशी आबा गावात आपलं म्हणून सांगायचे.

मी बी.एस्सी.ला वरच्या नंबरानं आले तेव्हा पुढं शिकवायचं का, यावर घरात बैठक झाली. दाजी म्हणाले, पाठवा आमच्याकडं, घरात राहील, मालनला हातभार होईल. हातभार म्हणजे काय ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. नळाला पाणी आलं की भरायचं, मंडईतून भाजी आणायची, दळण टाकायचं, दाजींच्या शर्टांना कडक इस्त्री करायची आणि मग कॉलेजला जायचं. तिथं तेच दाजी ‘सर’ व्हायचे. घरी दाजी म्हणायचं आणि वर्गात सर. माणूस एकच, आणि नाकावरचा रागही तोच. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावर आला की मालनताई कुकरची शिट्टीसुद्धा चिमट्यानं धरून ठेवायची. मला वाटायचं, हिनं आबांच्या घरातून निघून आबांच्याच घरात पाऊल टाकलं.

दाजींची पीएच.डी. कित्येक वर्षं रेंगाळली होती आणि तिच्याशिवाय त्यांची बढती अडली होती. पुण्याच्या एका संस्थेनं त्यांना एका शेजारच्या सर्पिल दीर्घिकेची चित्रं दिली होती, अवकाशातल्या दुर्बिणीनं घेतलेली. ती सीडीवर यायची. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पडदे ओढून, पंखा बंद करून, त्या धगीत मी संगणकासमोर बसायचे. माझा एम.एस्सी.चा प्रकल्प म्हणजे दाजींच्या कामातलाच एक तुकडा, आणि खरं सांगायचं तर त्यातली सगळी हमाली. पडद्यावर प्रकाशाचे ठिपके दिसायचे. प्रत्येक ठिपका मोठा करून बघायचा, हा एकटा तारा आहे की गुच्छ, गुच्छ असेल तर गोल गच्च आहे की विखुरलेला, आणि त्याचा रंग कसा. रंगावरून वय काढायचं. निळे तारे तरुण आणि उधळे, ते लवकर संपतात. ते संपले की गुच्छात लालसर, दीर्घायुषी तारे उरतात. म्हणून निळा गुच्छ तरुण, लाल गुच्छ म्हातारा. मला ते काम इतकं आवडलं की मी डबा खायला विसरायचे. घामानं पाठ चिकट व्हायची आणि पडद्यावर करोडो वर्षांचं काहीतरी माझ्या बोटाखाली असायचं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा डोळा माझ्या ताटावर नव्हता.

या कामाचा एक नियम आहे. दोन माणसांनी एकच चित्र वेगवेगळं बघायचं, एकमेकांना न विचारता ठरवायचं आणि मग ताडून बघायचं. डोळा फसतो, म्हणून दोन डोळे. दाजींची पद्धत निराळी होती. ते माझ्या मागं उभे राहायचे आणि म्हणायचे, “म्हातारा. लिही.” मी लिहायचे. अशा रीतीनं आमचं दोघांचं मत नेहमी जुळायचं.

भांडण लागलं ते लाल गुच्छांवरून. दीर्घिकेच्या एका बाहूच्या आतल्या कडेला काळ्या धुळीचा पट्टा होता आणि त्याला लागून लाल गुच्छांची एक लांब ओळच्या ओळ. दाजींच्या सगळ्या प्रबंधाचा डोलारा या ओळीवर उभा होता. त्यांचं म्हणणं असं, की हे म्हातारे गुच्छ आहेत आणि म्हातारे गुच्छ बाहूत असे ओळीनं बसलेले आजवर कुणी दाखवलेले नाहीत. मला ते पटेना. हायड्रोजन वायू जिथं पेटलेला असतो तेवढाच दाखवणारं एक वेगळं चित्र आमच्याकडं होतं. ते मी त्याच जागेवर ठेवून बघितलं, तर त्या लाल ठिपक्यांच्या भोवती वायू धगधगत होता. म्हाताऱ्या गुच्छापाशी वायू कुठून येणार? तो तर त्यानं पोरवयातच उडवून लावलेला असतो. मग हे लाल का, तर धुळीमुळं. हंगाम संपता संपता सगळीकडं उसाचं पाचट पेटवतात तेव्हा दुपारी चारचा सूर्यसुद्धा धुरातून तांबडा दिसतो. म्हणून काय तो मावळायला आला म्हणायचं?

हे मी दाजींना प्रयोगशाळेत सांगितलं, अगदी अदबीनं. त्यांनी चष्मा काढला. “डोळे आहेत का बटणं लावलीत? पाचटाचं उदाहरण देऊन खगोलशास्त्र शिकवणारी तू पहिलीच. लाल म्हणजे म्हातारा. लिही.” मी म्हटलं, सर, निदान शंका म्हणून तरी नोंदवू. त्यावर ते शांतपणे म्हणाले, “पुण्याला जायचंय ना तुला?”

जायचं होतं. त्याच संस्थेत संशोधनाच्या जागेसाठी मुलाखती होत्या आणि तिथं जायला प्रकल्प पुरा झाल्याची सही लागत होती, दाजींची. सही मिळाली नाही तर वर्ष वाया, आणि आमच्या घरात मुलीचं वर्ष वाया गेलं म्हणजे शिक्षण संपलं. मी मूग गिळून गप्प बसले. रात्रंदिवस डोक्यात तेच, पण तोंडाला कुलूप.

आणि त्याच उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. ज्यांच्याकडं हे करत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. अधिक महिन्याला आमच्याकडं धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात लेक-जावयाला बोलावून त्यांना लक्ष्मीनारायण मानायचं, सासूसासऱ्यांनी जावयाचे पाय धुवायचे, कपडे करायचे आणि पुरण भरलेले कणकेचे धोंडे तुपाची धार धरून खाऊ घालायचे. आबांनी त्या वर्षी सगळ्या भावकीला आवतण दिलं. आई आणि चुलत्या पहाटेपासून पुरण वाटत होत्या, वेलदोड्याचा आणि तुपाचा वास पार रस्त्यापर्यंत गेला होता. आबांसारखा माणूस, ज्यानं कधी स्वतःच्या पायावर स्वतः पाणी घेतलं नाही, तो परातीत जावयाचे पाय धूत होता. दाजी वर बघत होते, वाशांकडं.

दाजींनी सासऱ्यांना भेट आणली होती, त्या दीर्घिकेचं मोठं रंगीत चित्र, चौकटीत बसवलेलं. आबांनी ते सोप्यातल्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि पंगत बसल्यावर म्हणाले, “जावईबापू, सांगा की जरा ह्या लोकान्ला, तुमी काय शोध लावलाय त्यो.” दाजींनी सांगितलं. चांगलं सांगतात ते, मी खोटं कशाला बोलू. निळे तरुण, लाल म्हातारे, आणि ही ओळ बघा, हे सगळे आजे-पणजे, हे मी जगात पहिल्यांदा दाखवणार. भावकीतले सगळ्यांत वडीलधारे गणपततात्या म्हणाले, “आन् एवढं समदं मोजलं कुणी?” दाजी हसले. “माझ्या देखरेखीखाली शैलानं. विचारा तिला. दोघांनी वेगवेगळं बघितलं, एकाही गुच्छावर मत वेगळं पडलं नाही. व्हय ना गं?”

मी धोंडे वाढत होते. तिथं नुसतं ‘व्हय’ म्हटलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण वेगवेगळं बघितलं, हे वाक्य मला गिळेना. खोटं काम करून घेतलं ते एक वेळ सोसलं असतं, पण वर मीच त्याची साक्षीदार? अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी म्हटलं, “न्हाय दाजी. माझं मत येगळं हाय. त्यातले बरेच म्हातारे न्हायत. धुळीआड हायेत म्हणून लाल दिसत्यात, पर पोरवयाचे हायेत. मी तुमाला सांगितलं हुतं.”

दाजी ताटावरून उठले. अर्धा धोंडा तसाच, तूप वाटीत तसंच. अधिक महिन्यात जावई भरल्या ताटावरून उठला, याचा अर्थ ज्याला कळत नाही त्यानं आमच्या भागात पोरगी देऊ नये. चुलत्यांनी पदर तोंडाला लावले. थोरल्या काकू, म्हणजे मालनताईची आई, खाली बसल्या त्या बसल्याच. आबा मला काही बोलले नाहीत. ते अण्णांना म्हणाले, “तुझ्या पोरीचं शिक्षण झालं.”

पुढचे दिवस मी कळसलाच. माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. भांडी जरा जास्तच आपटली जायची, माझ्यापुढं ताट यायचं ते सरकत यायचं. आईसुद्धा बोलेना. तिचा राग वेगळा होता. पहाटेपासून राबून केलेलं पुरण वाया घालवलंस, हा. अण्णा गोठ्यात येऊन म्हणायचे, “म्हण की गं एकदा, चुकले म्हणून. काय जातंय?” आबांनी निकाल दिला होता. महिना संपायच्या आत जावयाला पुन्हा जेवायला बसवायचं, तीच भावकी बोलवायची, आणि शैलानं सगळ्यांसमोर पाया पडून म्हणायचं की दाजींचंच खरं. मग सही, मग पुणं. नाहीतर वरकुट्याचं एक स्थळ आबांच्या नजरेत होतंच.

त्या जेवणाच्या आदल्या दिवशी मालनताई एकटी आली, मला समजवायला. मागच्या दारी शेंगा फोडत बसलो. आधी गोड बोलली, मग चिडली. “तुझ्या चांदण्या तुला लखलाभ. माझा संसार कशाला पेटवतीस?” मी म्हटलं, मी खोटं का बोलू? तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं. “आन् त्यान्ला काय कळत न्हाय व्हय? कळतंय की. परवा जेवताना मला म्हनले, पोरीचं बरोबर आसंल बहुतेक, पर आता ही ओळ पुसली तर माझ्याजवळ उरतंय काय. एवढी वर्सं पाण्यात. आता तरी म्हण चुकले म्हणून.” माझे हात थांबले. तोपर्यंत मला वाटत होतं की हा माणूस हेकट आहे, उंटावरचा शहाणा आहे. त्याला कळत असूनही तो मला वाकवत होता, हे मला ठाऊक नव्हतं. माफी मागायची थोडीफार तयारी मनात झाली होती, ती तिथंच संपली.

आबांचा गावात दरारा होता तो बेलभंडाऱ्यामुळं. बांधाचं भांडण असो, पाण्याच्या पाळीचं असो, दोन्ही बाजू आमच्या सोप्यात यायच्या. आबा देव्हाऱ्यातला भंडाऱ्याचा डबा आणि बेलाचं पान पुढं ठेवायचे आणि म्हणायचे, उचला. खंडोबाचा भंडारा हातात घेऊन खोटं बोलणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. बऱ्याचदा डबा बघूनच बांध जागेवर यायचा. हे सगळं बाप्यांचं काम. बाईनं कधी कुणाला भंडारा उचलायला लावला नव्हता, आणि जावयाला तर आबांनीही लावला नसता.

पुन्हा पंगत बसली. तेच लोक, तेच धोंडे, तेच चित्र भिंतीला टेकवलेलं. मालनताई तुपाचं भांडं घेऊन दाजींच्या मागं उभी. आबा म्हणाले, “पोरी, पाया पड आन् बोल.” मी देव्हाऱ्याकडं गेले, डबा आणला, वर बेलाचं पान ठेवलं आणि दाजींच्या ताटाशेजारी ठेवला. मग म्हटलं, “पाया पडते आबा. माफीबी मागते. फकस्त दाजींनी भंडारा उचलावा आन् म्हणावं, ते गुच्छ म्हातारे हायेत आसं त्यांना सवताला वाटतंय. त्यांनी उचलला की मी चुकले.”

आबा अर्धे उठले होते, पण दाजीच हसले. “काय पोरकटपणा आहे हा. विज्ञान भंडाऱ्यावर चालत नसतं.” आता हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. मी स्वतः विद्यार्थ्यांना याच अर्थाचं काहीबाही सांगत आले, की पुरावा दाखवा, शपथा घेऊ नका. पण गणपततात्यांनी घास खाली ठेवला आणि साध्या आवाजात विचारलं, “नसंल चालत. पर जावईबापू, उचलायला काय जातंय?”

“माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही.”

“मंग तर लईच सोपं झालं,” तात्या म्हणाले.

दाजींनी आबांकडं बघितलं. आबा डब्याकडं बघत होते. दाजींचा उजवा हात धोंड्यात तूप कालवत होता, तो थांबला, पुन्हा कालवू लागला. कालवायला काही उरलं नव्हतं. दीर्घिका म्हणजे काय, हे त्या पंगतीत एकालाही माहीत नव्हतं. गुच्छ म्हटल्यावर त्यांच्यातल्या निम्म्यांच्या डोळ्यांपुढं द्राक्षं आली असतील. पण भंडारा न उचलणारा माणूस त्यांना लहानपणापासून ओळखता येत होता. मी मालनताईकडं बघितलं. तिला कळलं होतं, मी कशाच्या जोरावर हे मागितलं ते. तिच्या हातातल्या भांड्यातून तूप जमिनीवर ओघळत होतं आणि तिचं लक्ष नव्हतं.

“जेवा समदे,” आबा म्हणाले. सगळे जेवले. नुसता चावण्याचा आवाज. डबा तसाच मध्ये होता.

दुपारी आबांनी दाजींना आतल्या खोलीत बोलावलं. अण्णा दारात होते, त्यांनी मला नंतर सांगितलं. आबा म्हणाले, “तिच्या कागदावर सही करा. पोरगी डोळ्याआड होऊ द्या, न्हायतर रोज दिसंल आन् रोज लोक बोलतील.” अशी ती सही मिळाली. लोकांना वाटतं आबांना माझं पटलं, त्यांच्या मनाचा मोठेपणा. कसला मोठेपणा. घरातली घाण उंबऱ्याबाहेर टाकावी तसं मला पुण्याला धाडलं. मला त्यांनी एवढंच सांगितलं, “जा. मी हाय तवर ह्या घरात सणासुदीला येऊ नको.” मी गेले नाही. त्यांच्या तेराव्यालाच गेले.

निघायच्या दिवशी मालनताई मागच्या दारी भांडी घासत होती. मी जवळ गेले तर वर न बघता म्हणाली, “मी तुला बहीण म्हणून सांगितलं हुतं. तू जाशील तिकडं. मला त्यांच्यासंगंच ऱ्हायचंय.” त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. मला वाईट वाटलं, इतकं की कित्येक वर्षं वेणी घालताना हात थांबायचा. पण तिचाही राग आहे मला, उगाच का लपवू. तिला माहीत होतं, आणि ती तूप वाढायला उभी राहिली होती.

एस्टीच्या थांब्यावर अण्णा सोडायला आले. ट्रंक त्यांनी डोक्यावरून आणली होती. उसाच्या मोकळ्या ट्रॉल्या धडधडत जात होत्या, बोलणं ऐकू येत नव्हतं, म्हणून ते गप्प होते असं मी समजले. गाडी दिसायला लागल्यावर त्यांनी विचारलं, “शैले, एक सांग. तुला कुणी उचलाय लावला असता, तर तू उचलला असतास का गं भंडारा?”

मी म्हटलं, “व्हय.”

“मंग झालं,” अण्णा म्हणाले, आणि ट्रंक वर चढवायला वळले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. भावाविरुद्ध ते जन्मात एक शब्द बोलले नव्हते, आणि आता त्यांना पुढं कळसात, त्याच चुलीवर, त्या माणसांत दिवस काढायचे होते. माझं खरं होतं, एवढ्यावर त्यांनी ते काढले.

दाजींना पदवी मिळाली नाही. पुण्याहून प्रबंध परत आला, धुळीचा विचार केलेला नाही म्हणून. मला आनंद झाला आणि तो मी लपवलाही नाही. पुढं माझं सगळं आयुष्य अशाच गुच्छांमागं गेलं. आता नवी दुर्बीण आली आहे, ती धुळीच्या आरपार बघते, वायूच्या बाळंतिणीच्या खोलीत शिरते म्हणा ना. गेल्या वर्षी मी मुद्दाम त्याच दीर्घिकेची नवी चित्रं उघडली, तोच बाहू, तीच काळ्या पट्ट्याची कड. हळूहळू सगळी ओळ तपासली. बहुतेक गुच्छ खरंच तान्हे होते, वायूत गुरफटलेले. बहुतेक. त्यांच्यातले काही मात्र धुळीच्या अलीकडं, आपल्या बाजूला उभे होते, आणि ते लाल होते कारण ते म्हातारे होते. जख्ख म्हातारे. दाजींनी माझ्या मागं उभं राहून म्हातारा म्हटलेले, आणि मी दात-ओठ खात लिहिलेले.

अण्णा असते तर त्यांना आधी सांगितलं असतं. दाजी आहेत. त्यांना मी सांगणार नाही.